कातरलेले शुभेच्छापत्र : साच्याचे काम आणि मुलाचे काम

(प्राथमिक शिक्षकांच्या कार्यानुभव शिबिरात दिलेले भाषण)



कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून शुभेच्छापत्रे करवून घ्यावीत, ही सूचना आपणांस नवी नाही. दसरा, दिवाळी, संक्रांत असा एखादा प्रसंग जवळ आला की आपल्यापैकी बहुतेक जण कार्डशीटचे तुकडे, रंगाच्या पेट्या आणि डिंकाच्या बाटल्या घेऊन बसतातच. मग या विषयावर वेगळे बोलण्यासारखे उरले काय, असे आपल्या मनात आले असल्यास ते स्वाभाविक आहे. बोलण्याचे कारण इतकेच, की अलीकडे काही शाळांतून एक साधन येऊ लागले आहे. कोठे हौशी शिक्षिकेने ते पदरमोड करून आणलेले असते, कोठे एखाद्या माजी विद्यार्थ्याने भेट दिलेले असते. कागदातून फुले, पाने, पक्षी, जाळीदार किनारी कापून काढणारा धातूचा साचा आणि तो दाबण्याचे लहान हातयंत्र, असे त्याचे स्वरूप आहे. बाजारात या साच्याला 'डाय' म्हणतात. ज्या शाळेत तो आला तिथली पत्रे फार सुबक होतात, आणि ज्या शाळेत तो नाही तिथल्या शिक्षकाला आपली पत्रे ओबडधोबड वाटू लागतात. या दोन्ही शाळांतील शिक्षकांशी मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम साचा म्हणजे काय ते पाहू. सणावाराला पोळी लाटून तिच्यावर वाटी उलटी दाबली की एकसारख्या पुऱ्या सुटतात. कागदाचा साचा याहून निराळा नाही. वाटीच्या काठाऐवजी येथे पोलादाची धार असते, एवढाच फरक. छापखान्यातील साच्यात पोलादाची पट्टी हव्या त्या आकारात वाकवून लाकडी फळीत ठोकून बसविलेली असते. पट्टीची उंची २४ मिलिमीटरांच्या आतबाहेर असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना रबराचे वा स्पंजाचे तुकडे चिकटविलेले असतात. धार कागदात रुतली की हे तुकडे दबतात आणि दाब निघताच फुगून कागदाला बाहेर ढकलतात. ते नसले तर कापलेला कागद साच्यातच अडकून बसतो. शाळांत येणारा साचा याहून पातळ असतो. तो म्हणजे धातूचा एक पत्रा, ज्याच्या एका अंगाला बारीक धार उठविलेली असते. खाली एक तक्ता, त्यावर कागद, त्यावर धार खाली करून साचा आणि वर दुसरा तक्ता, अशी चळत रचून ती दोन रुळांमधून दांडा फिरवीत पलीकडे काढावयाची. उसाचा चरक ज्याने पाहिला आहे त्याला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही. बोट रुळांत जाण्याचा धोकाही चरकासारखाच आहे, म्हणून दांडा फिरविणारा आणि चळत सरकविणारा यांना एकमेकांकडे पाहत काम करावयास शिकवावे.

शुभेच्छापत्राचा आणि या यांत्रिक कातरकामाचा संबंध बराच जुना आहे. तो मूळचा आपल्याकडचा नव्हे, इंग्लंड-अमेरिकेतला आहे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पोचविण्याची सोय झाली आणि सामान्य माणूस पत्रे पाठवू लागला. हेन्री कोल हे त्या टपालसुधारणेच्या कामातले गृहस्थ. १८४३ च्या नाताळात त्यांना इतक्या जणांना शुभेच्छा कळवावयाच्या होत्या, की स्वतंत्र पत्रे लिहिणे होईना. तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या. उरलेल्या प्रती एक शिलिंगाला एक अशा विकावयास ठेवल्या. छापील नाताळपत्राचा जन्म असा वेळेच्या तुटवड्यातून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या वर्गातील मुलाला एकच पत्र करावयाचे असते. त्याला हा तुटवडा मुळीच नसतो.

जाळीदार कागदाचीही अशीच एक हकीकत आहे. लंडनमध्ये १८३४ च्या सुमारास ॲडनब्रुक नावाचा एक कारागीर ठशाने उठाव दिलेल्या कागदावर काम करीत होता. त्या उठावावरून कानस फिरली, वर आलेले भाग घासले गेले आणि कागदाला लेससारखी जाळी पडली, असे सांगतात. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानातील वूस्टर गावी एस्थर हाउलंड या तरुणीने असा जाळीदार कागद व रंगीत कात्रणे इंग्लंडातून मागवून पत्रे करावयास आरंभ केला. १८४७ साली तिचे शिक्षण संपले आणि लगेचच्या काळात हा उद्योग उभा राहिला. तिने नमुन्यादाखल दहाबारा पत्रे करून आपल्या फिरत्या विक्रेत्या भावाजवळ दिली आणि तो कल्पनेपलीकडच्या मागण्या घेऊन परतला. तेव्हा तिने मैत्रिणींना घरी बोलावून कामाची वाटणी केली. एकीने कापावयाचे, दुसरीने मागचा कागद लावावयाचा, तिसरीने फुले चिकटवावयाची, आणि पत्र एका हातातून दुसऱ्या हातात पुढे सरकावयाचे. कारखान्याच्या दृष्टीने ही रचना अगदी योग्य होती. त्या स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला, आणि गिऱ्हाइकाला हवे तसे पत्र मिळाले.

आता माझी चूक सांगतो.

फार वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. मुले ३४. प्रदर्शनासाठी शुभेच्छापत्रे मांडावयाची होती, आणि आपल्या वर्गाची मांडणी उठून दिसावी अशी मला हाव होती. तालुक्याच्या गावी एका छापखान्यात लग्नपत्रिका कापण्याचा कमळाचा साचा होता. मी कार्डशीट घेऊन गेलो आणि ७० कमळे कापून आणली. वर्गात मी नकळत हाउलंडबाईंचाच कारखाना मांडला. ज्यांचे अक्षर बरे अशा चार मुलींनी मजकूर लिहावयाचा, हात स्थिर असणाऱ्या सहा जणांनी कमळे चिकटवावयाची, उरलेल्यांनी घड्या घालावयाच्या आणि डिंक पुरवावयाचा. पत्रांच्या मागे ज्याची त्याची नावे मात्र मी घातली. मांडणी उत्तम झाली. पाहुण्यांनी कौतुक केले. गर्दी ओसरल्यावर एक मुलगा फळ्यापाशी बराच वेळ उभा होता. मी विचारले, "तुझे कोणते रे?" त्याने एका पत्राकडे बोट दाखविले. मी ते उलटले, तर मागे दुसऱ्याचे नाव. त्याने दुसरे दाखविले. तेही त्याचे नव्हते. मग तो हसला आणि खेळावयास पळाला. त्याला त्याचे काही वाटले नसावे. मला वाटले. आपण केलेली वस्तू ३४ वस्तूंतून ओळखता येऊ नये, इतके त्याचे तीत काहीच नव्हते.

१९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले, आणि १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. या दोन्ही गोष्टी मी पाठ म्हणून दाखवू शकत होतो. तरीही ७० कमळे कापून आणताना त्यांपैकी एकही मला आठवली नाही. असो.

याचा अर्थ साचा टाकून द्यावा, असा मी करीत नाही. ज्या मुलाच्या बोटांत जोर नाही, ज्याला कात्री मुळीच धरता येत नाही, त्याला दांडा फिरवून नेटकी कडा काढण्याचा आनंद साचाच देतो. शंभर पताका करावयाच्या असतील तर त्या शंभर वेळा हाताने कापण्यात शिक्षण नाही, नुसता कंटाळा आहे. मेक्सिको देशात पुएब्ला प्रांतातील सान साल्वाडोर विक्सकोलोत्ला गावचे कारागीर पातळ कागदाचे पन्नासपर्यंत ताव एकावर एक ठेवून छिन्नी-हातोडीने जाळीदार पताका कापतात. एका कष्टात पन्नास पताका होतात आणि त्यांच्या कलेला काही उणेपणा येत नाही, कारण नक्षी कोणती, छिन्नी कोठे मारावयाची, हे त्यांनीच ठरविलेले असते. मी जो भेद करतो तो हाच आहे. आकार कोणता, तो पत्रावर कोठे बसावयाचा, त्याच्याजवळ काय असावे, आत काय लिहावे आणि पत्र कोणाला जावे, हे मुलाने ठरवावे. त्यानंतर कडा कापण्याचे काम कात्रीने केले काय किंवा साच्याने केले काय, मला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. पण वरील पाच गोष्टी साच्याने किंवा गुरुजींनी ठरविल्या, की मुलाच्या वाट्याला डिंक तेवढा उरतो.

आता एक पत्र प्रत्यक्ष कसे घ्यावे ते सांगतो. मी दसऱ्याचे पत्र निवडतो, कारण आपट्याचे पान कातरकामासाठी जणू मुद्दाम घडविलेले आहे. शिवाय दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याची झाडे कशी ओरबाडली जातात, आणि आपटा मिळेनासा झाला की कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून कशा विकल्या जातात, हे आपण पाहतोच. आपट्याची एकच डहाळी वर्गात आणावी आणि एकेक पान हातोहात फिरवावे. पानाला दोन सारखे भाग आहेत, मध्ये शीर आहे, टोकाला खाच आहे, आणि पान मधल्या शिरेवर पुस्तकासारखे मिटते, हे मुलांना स्वतः सापडू द्यावे. हे सापडले की पत्राची रचना सांगावी लागत नाही. जाड कागदाची मधोमध घडी घालावयाची. घडी म्हणजे पानाची शीर. घडीच्या खालच्या टोकाशी देठ धरून कात्री बाहेर वळवीत वर न्यावयाची, वर गोलाई द्यावयाची, आणि पुन्हा आत येऊन घडीवर, उंचीच्या साधारण दोन तृतीयांशापाशी, थांबावयाचे. कागद उघडला की समोर आपट्याचे पान. ते मिटते, उघडते, आणि आत लिहावयास जागा असते.

पहिल्या वेळी निम्म्या वर्गाच्या हाती दोन सुटे तुकडे येतील. घडीची बाजू सोडून त्यांनी मोकळ्या बाजूला देठ धरलेला असेल. कृपा करून आधी सावध करू नका. जुन्या वर्तमानपत्रावर हे घडू द्यावे आणि "पान का फुटले?" एवढेच विचारावे. सममितीवर मी अनेक पाठ घेतले, परंतु त्या दोन तुकड्यांइतके ते कोणी समजावून दिल्याचे मला आठवत नाही.

ज्या शाळेत साचा आहे तिनेही हेच पत्र घ्यावे. साच्याने घडीचे पत्र कापताना एक युक्ती लागते. घडी घातलेला कागद साच्याखाली असा ठेवावा, की घडीची कडा धारेच्या किंचित आत राहील. म्हणजे घडीवर धार पडत नाही आणि पत्र जोडलेले राहते. ही युक्तीही मुलांनी शोधावी. साच्यात आपटा नसेल, बहुधा नसतोच, तर आपट्याचे पान हाताने आणि त्याच्यावरची बारीक फुले वा चांदण्या साच्याने, अशी वाटणी करता येते.

कागदाविषयी दोन गोष्टी. प्रत्येक यंत्रावरच्या कागदात तंतूंची एक दिशा असते. वर्तमानपत्र वरून खाली फाडले तर बरेच सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते, ते याचमुळे. जाड कागदाची घडी तंतूंच्या दिशेने घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर घडीवर कागद तडकतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो ती घडीची दिशा. घडीपूर्वी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनाने एक रेघ दाबून ओढली म्हणजे घडी सरळ बसते.

दुसरी गोष्ट, विकत कार्डशीट आणण्याची गरज नाही. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो. त्यांचा कागद जाड, रंग सुरेख आणि कडा बहुधा साच्यानेच कापलेली असते. मात्र त्यांवर गणपतीचे चित्र असते, कुलदैवताचे नाव असते, आणि त्यांवर कात्री चालविणे घरच्यांना रुचत नाही. हा भाग शिक्षकाने आधी स्वतः अलग करून जपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणाची आजी शाळेत विचारावयास येणार नाही. छापखान्यांतूनही कागदाच्या पट्ट्या मागितल्यास मिळतात. छपाईचे काम ऑफसेट यंत्रांकडे गेल्यापासून जुने ट्रेडल यंत्र अनेक ठिकाणी साचा दाबण्यासाठी व घडीची रेघ उठविण्यासाठीच चालते. मुलांना ते लांबून अवश्य दाखवावे, परंतु त्याला हात लावू देऊ नये. चिकटविण्यास मैद्याची खळ पुरते. कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, आपण घालू नये. खळ त्याच दिवशी करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

कात्रीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपले अर्धे अपयश तिच्यात आहे. अंगठा वर राहील अशी ती धरावी. पात्यांच्या टोकाने न कापता मुळाशी कागद घ्यावा, आणि वळणावर कात्री न वळविता दुसऱ्या हाताने कागद फिरवावा. इतके केले की वेडीवाकडी कडा बरीचशी सुधारते. पण सुमारे दहांत एक माणूस डावखुरा असतो, आणि आपल्या शाळांतील जवळजवळ प्रत्येक कात्री उजव्या हातासाठी घडविलेली असते. ती डाव्या हातात धरली की वरचे पाते नेमके कापावयाच्या रेघेवर येऊन ती झाकते. शिवाय बोटांचा स्वाभाविक रेटा पात्यांना एकमेकांवर दाबण्याऐवजी दूर लोटतो. मग कागद कापला न जाता पात्यांत दुमडतो. या मुलाला आपण 'धांदरट' म्हणतो. एक विद्यार्थिनी तीन वर्षे कातरकामात मागे असल्याची नोंद मी स्वतः वाचली आहे, आणि तिच्या हाती डावखुरी कात्री दिल्यावर तिने पहिल्याच तासाला वर्तुळ कापलेलेही पाहिले आहे. डावी कात्री महाग नसते. वर्गाला एक असली तरी चालते. ती मिळेपर्यंत अशा मुलाला साचा प्रथम द्यावा. साच्याला डावा-उजवा हात नसतो, आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे मला वाटते.

राहता राहिला मजकूर. 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' हे फळ्यावर लिहून देण्याचा मोह आवरावा. ते वाक्यही एक साचाच आहे. पत्र कोणाला जाणार हे आधी ठरले की मजकूर आपोआप निराळा होतो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना, शहरात कामाला असलेल्या भावाला, सासरी गेलेल्या बहिणीला, बदली होऊन गेलेल्या बाईंना, असे खरोखरीचे माणूस असावे. तिसरीतल्या मुलाने "ताई, आमच्या शेळीला दोन पिल्ले झाली, तू कधी येणार" असे लिहिले तर ते दसऱ्याशी जुळत नाही म्हणून खोडू नये. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या कागदावर दाखवाव्यात आणि मुलाला पत्र पुन्हा लिहावयाचे असेल तर लिहू द्यावे. पत्रावर लाल शाईचा हात चालवू नये. ते पत्र आपल्याला आलेले नाही.

पाकीट वर्गातच करावे आणि पत्ता मुलाकडूनच लिहून घ्यावा. पिनकोडाचे सहा अंक १५ ऑगस्ट १९७२ पासून आले. त्यांतला पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, आणि महाराष्ट्र व गोवा यांचे पिनकोड ४ ने सुरू होतात, एवढे सांगितले तरी भूगोलाचा अर्धा तास निघतो. ऊसतोडीच्या फडावर टपाल पोचणे कठीण असते. त्यासाठी कारखान्याचा पत्ता, मुकादमाचे नाव आणि टोळीचे मूळ गाव घालावे, किंवा गावातून तिकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पत्र द्यावे. अशी पत्रे दसऱ्याला न धाडता दिवाळीनंतर टोळ्या स्थिरावल्यावर धाडलेली बरी. तेव्हा आपट्याऐवजी दुसरा आकार मुलेच काढतील.

सामान पलीकडच्या वर्गात मांडले आहे. आपट्याची डहाळी एकच आहे, ती सर्वांनी फिरवावी. हातयंत्र खिडकीशी आहे, पण ते शेवटी घेऊ. आधी प्रत्येकाने जुन्या वर्तमानपत्रावर हाताने एक पान कापावे. ज्यांचे पान फुटेल त्यांनी तुकडे टाकू नयेत, मला दाखवावयास आणावेत. डावखुऱ्यांसाठी दोन कात्र्या टेबलाच्या डाव्या कडेला ठेवल्या आहेत.